पान चौदावरचं मत

आमच्या महिला वाचनालयात पुस्तक परत करताना अभिप्राय वहीत निदान दोन ओळी लिहाव्या लागत. त्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नसे. नियम माझा, १९९५ सालचा. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन मी चिटणीस झाले आणि पहिल्याच महिन्यात तो लागू केला. माणसांना बोलायला लावलं की ती बोलतात, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. तेरा वर्षं वहीत 'छान आहे', 'आवडले', 'मनोरंजक' असंच येत राहिलं. एका बाईंनी एकाच दिवशी दोन पुस्तकं परत केली. एकापुढे लिहिलं 'छान आहे' आणि दुसऱ्यापुढे 'वरीलप्रमाणे'. या बाई पदवीधर होत्या.

त्या वहीत खरोखर वाचण्याजोगं लिहिलं ते फक्त मंगलाबाई विधाते यांनी. त्या मखमलाबादच्या. नवरा हिरामण आणि त्या, दोघं मिळून फुलं करायचे. झेंडू, शेवंती, निशिगंध, कडेला जास्वंद आणि दूर्वा. हिरामण माल घेऊन बाजारात जायचा आणि मंगलाबाई सकाळी पंचवटीत घरोघर पुड्या टाकायच्या. माझ्याही दाराच्या कडीला त्यांचीच पुडी असायची. दारात मी तिला 'अगं मंगला' म्हणत असे आणि वाचनालयात 'मंगलाबाई, तुम्ही'. हे असं का, हे तिनं मला कधी विचारलं नाही. 

ती सभासद झाली तीही वेगळ्या वाटेनं. कार्ड तिच्या मुलीचं, छायाचं होतं. २००१ मध्ये छाया लग्न होऊन सटाण्याला गेली. दुसऱ्या आठवड्यात मंगला कार्ड घेऊन माझ्या दारात आली.

"काकू, हे माझ्या नावावर करा."

"अगं, हे किशोर विभागाचं आहे. त्यावर फक्त त्याच कपाटातली पुस्तकं मिळतात. तुला प्रौढ विभागाचं करून देते."

"नको. छायाचं कुठवर वाचून झालंय ते मला माहीत हाय. तिथून पुढं वाचते."

तिथून पुढे म्हणजे काय, हे सांगायला हवं. सुरुवातीला त्या कपाटात परीकथा, विज्ञानकथा, शूर मुलांच्या गोष्टी होत्या. दोन हजार सालानंतर जाडजूड भाषांतरं यायला लागली. शाळकरी पोरांची जादू, शहरातली भुतं, लांडगे होणारे तरुण, रक्त पिणारे देखणे तरुण, आणि यांच्यामध्ये सोळा वर्षांची एक मुलगी. मुखपृष्ठ काळं, त्यावर चंद्र. मला ही पुस्तकं सहन होत नाहीत. मी त्यातली अकरा वाचली आहेत, तीही मंगलानं काय लिहिलं ते कळावं म्हणून, आणि एकदाही मला वाटलं नाही की हे तीनशे पानांत सांगण्यासारखं होतं.

मंगला मात्र सगळी वाचायची, चिडायची आणि पुढचं न्यायची. वहीत ती शाळेत शिकवलेल्या भाषेत लिहायची. दहावीला गणितात गेली होती, मराठीत नाही.

एकदा लिहिलं: 'यातली मुलगी दर चार पानांनी सांगते की मी दिसायला साधी आहे. तरी तिच्या मागे तीन मुले. हिच्या घरी आरसा नाही की मुलांना डोळे नाहीत ते लेखिकेने ठरवावे.'

रक्तपिप्या तरुणाच्या पुस्तकाला तिनं अर्धं पान दिलं होतं. 'हा दोनशे वर्षांचा आहे आणि अकरावीच्या मुलीवर जीव टाकतो. रोज तिच्या घरासमोर उभा राहतो. दोनशे वर्षांत याला दुसरे काम मिळाले नाही. आमच्याकडे याला म्हातारचळ म्हणतात आणि मुलीच्या चुलत्यांना बोलावतात. पुस्तकात याला प्रेम म्हटले आहे. मुली हे वाचतात म्हणून लिहिते, नाहीतर लिहिले नसते.'

आणखी एका ठिकाणी: 'याही पुस्तकात आई आधीच मेलेली. आई जिवंत असेल तर मुलगी सातनंतर राक्षस मारायला बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून लेखक आधी आईला मारतात. हा आळस आहे.'

मी एकदा तिला म्हटलं, "एवढा राग येतो तर वाचता कशाला? मोठ्यांच्या कादंबऱ्या घ्या."

"घेतली व्हती की छायाच्या सासूकडची. चारशे पानं माणूस खिडकीत बसून हाय. त्याला काय पाहिजे ते त्यालाच माहीत नाय. इथं निदान पोरी उठून काहीतरी करायला जातात. चुकतात, पण जातात तर."

"आणि ती जादू? ती खरी वाटते तुम्हाला?"

"जादूचं काय नाय हो. जादूला काहीतरी द्यावं लागलं पाहिजे. फुकट असली की मला राग येतो."

असं काही देऊन मिळवलेलं दिसलं की तेही ती लिहायची. एका पुस्तकातली मुलगी वाळलेली फांदी फुलवते आणि दर वेळी तिचा वास घेण्याचा गुण थोडा कमी होतो. मंगलानं लिहिलं: 'शेवटी ती बागेत उभी आहे आणि तिला कशाचाच वास येत नाही. हे बरोबर आहे. मला दहा वर्षांपासून निशिगंधाचा वास येत नाही, रोज हाताळते म्हणून. हे पुस्तक दोनदा नेले.'

ही बाई आमच्याकडे सात वर्षं लिहीत होती. मी तिचं पान आधी वाचायची आणि मग बाकीच्यांच्या 'छान आहे' वर शिक्का मारायची. कौतुक म्हणून मी तिला एक शब्द बोलले नाही. कौतुक करायची मला सवय नाही.

आता २००८ साल. वाचनालयाला पंचवीस वर्षं होत होती. अध्यक्षा सरिताबाई. वाचनालयाच्या दोन खोल्या त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर होत्या, त्यामुळे समितीत मतदान वगैरे प्रकार नव्हता. सरिताबाई म्हणतील ते. त्यांची नवी सून कुंदन, पुण्याहून आलेली, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. तिनं मराठीत कादंबरी लिहिली होती: 'नदीखालचं नाशिक'. गोदावरीच्या तळाशी अंधाराचं एक शहर आहे, तिथून सावल्या वर येतात, आणि कॉलेज रोडवर राहणाऱ्या एका मुलीच्या बोटांतून निळी ज्योत निघते. तिचा रक्षक तीनशे वर्षांचा योद्धा, मोटारसायकलवर. सरिताबाईंनी स्वतः छापून घेतली आणि दहा प्रती किशोर विभागात ठेवल्या. एका पुस्तकाच्या दहा प्रती आमच्याकडे कधीच नव्हत्या.

दोन महिन्यांत ती चाळीस जणींनी नेली. वहीत चाळीस वेळा 'छान आहे' आलं. काहींनी 'अध्यक्षांचे अभिनंदन' असंही लिहिलं. कादंबरीच्या अभिप्रायात अध्यक्षांचं अभिनंदन. मग मंगलानं पुस्तक परत केलं आणि लिहिलं ते असं:

'लेखिकेला लिहिता येते. पण तिने पहाटेचे नाशिक पाहिलेले नाही. पान ४० वर पहाटे पाचला सावल्या सामसूम फुलबाजारातून वर येतात असे आहे. पाचला फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सावलीला आधी कोणाच्या तरी पाटीवर पाय द्यावा लागेल आणि मग ती शिव्या खाईल. पुढे लिहिले आहे, फुलवाल्या बायका किंचाळत पळाल्या, काही मेल्या. किती मेल्या, कोण मेल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी काय झाले, काही नाही. पान ४१ वर मुलगी योद्ध्याच्या डोळ्यांचा रंग बघते. ज्या शहराला वाचवायचे त्यातली माणसे लेखिकेला ठाऊक नाहीत. मग ती वाचवते कोणाला? मला हे पुस्तक आवडले नाही.'

मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मनात म्हटलं, मी ही कादंबरी वाचून इतकं नीट सांगू शकले नसते. आणि मग नेहमीसारखा शिक्का मारला.

पंचवीस वर्षांच्या समारंभासाठी काढायच्या स्मरणिकेत वाचकांच्या अभिप्रायांचं एक पान करायचं ठरलं, पान चौदा. सरिताबाई अभिप्राय वही वर घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी मला बोलावलं.

"त्या फुलवालीचं घ्यायचं," त्या म्हणाल्या. "फुलं विकणारी बाईसुद्धा आमच्याकडे वाचते, हे लोकांना दिसलं पाहिजे."

"चांगलं आहे. पण तिनं काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

"वाचलं. जरा सौम्य करू या. कुंदनचं पहिलंच पुस्तक आहे, आणि ती वर्तमानपत्रवाली मंडळी येणार आहेत. तुम्ही हात फिरवा थोडा."

"मी नाही फिरवणार."

"बरं, मी फिरवते. तुम्ही मुद्रितं बघा नेहमीसारखी."

मुद्रितं आली. पान चौदावर छापलं होतं: 'अतिशय सुंदर, ओघवती कादंबरी. नाशिकची पहाट लेखिकेने डोळ्यांसमोर उभी केली आहे. प्रत्येक मुलीने वाचावी. – सौ. मंगलाबाई विधाते, फुलविक्रेत्या, मखमलाबाद.'

इथं मला कुठलंही निमित्त सांगायचं नाही. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधीच झालं होतं आणि दिसत उत्तम होतं. मी तो मजकूर दोनदा वाचला. 'पहाट' शब्दावर बोट ठेवून वाचला. मग खाली सही केली. खोल्या सरिताबाईंच्या, समारंभ आठ दिवसांवर, आणि एका फुलवालीच्या चार ओळींसाठी कोण भांडत बसणार, असा माझा हिशेब होता. मी स्वतःला स्पष्टवक्ती म्हणवून घेत आले. ती सही केली तेव्हा माझ्यातली स्पष्टवक्ती कुठे फिरायला गेली होती, कोण जाणे.

समारंभ आषाढातला. हार, गजरे सगळे मंगलाकडूनच आलेले. तिला 'उत्कृष्ट वाचक' म्हणून व्यासपीठावर बोलावून नारळ आणि साडी दिली. ती गडद हिरवी साडी नेसून आली होती, हिरामण शेवटच्या रांगेत बसला होता. नंतर पाचशे प्रती वाटल्या. मी खुर्चीतून बघत होते. तिनं स्मरणिका उघडली, पान चौदावर आली, वाचलं, मिटली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मी हुश्श केलं. मूर्ख होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडीला पुडी लागली नाही. बेल वाजली. दारात मंगला, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात स्मरणिका.

"काकू, हे कोणी लिहिलं?"

"आत ये."

"आत नाय येत. हे कोणी लिहिलं तेवढं सांगा."

"सरिताबाईंनी जरा बदललं."

"जरा? तुम्ही छापायच्या आधी बघता ना सगळं?"

"बघते."

"हे बघितलं व्हतं?"

"हो."

तिनं टोपली खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी फुलं विकते काकू. मी म्हटलं माल आजचा हाय, तर तो आजचा असतो. कालचा असला तर मी सांगते कालचा हाय म्हणून आणि कमी भावात देते. लोक माझी पाटी उघडूनसुद्धा बघत नाय. आता काल हिरामणला बाजारात एक जण म्हणाला, तुझ्या मंगलानं लिहिलंय पहाटेचं नाशिक डोळ्यांपुढं उभं केलं म्हणून. पुस्तक त्याच्या पोरीनं आणलेलं व्हतं. त्यानं पान चाळीस सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले. म्हणाले, मंगलाला बाजार पाच वाजता रिकामा दिसतो, साडी मिळाली म्हणून."

"मी बोलते सरिताबाईंशी."

"बोलू नका. पाचशे छापल्या ना? पाचशेंमध्ये माझं खरं लिहिलेलं चिकटवून द्या. साडी ही घ्या, परत करा." टोपलीतून तिनं साडी काढली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी समितीपुढे विषय मांडला. सरिताबाई हसल्या. "अहो, तिला साडी दिली, स्टेजवर नेलं. तिच्या जन्मात कोणी नेलं असतं का? चार दिवसांत विसरेल." बाकीच्या चौघी चहा पीत होत्या. एकीनं विचारलं, तिला दुसऱ्या रंगाची साडी हवी आहे का.

मला तिथे संताप आला तो त्या बायकांचा नाही. त्यांना पान चौदा म्हणजे काय ते कळत नव्हतं. मला कळत होतं आणि सही माझी होती.

पण या सगळ्या शहाण्या एक गोष्ट विसरल्या. वाचनालयाच्या शंभरावर सभासद. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत रोज सकाळी मंगला जात होती. आणि श्रावण लागला होता.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी माझी पुडी उघडली, तर जास्वंदीच्या खाली वहीच्या कागदाची चिठ्ठी: 'स्मरणिकेच्या पान १४ वरचे मत माझे नाही. मंगला विधाते.' तीच चिठ्ठी प्रत्येक घरात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोमवारी बेलाच्या पानांत. नऊ वाजता माझा फोन सुरू व्हायचा. "अहो, हे काय प्रकरण आहे?" "मग तिचं मत होतं तरी काय?" ज्यांनी तेरा वर्षांत अभिप्राय वहीतलं दुसऱ्या कोणाचं मत वाचलं नव्हतं त्या ती वही बघायला आल्या. वही सरिताबाईंनी कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

सरिताबाईंनी निरोप फिरवला, तिच्याकडून फुलं घेणं बंद करा. दोघी-तिघींनी केलं. श्रावणात, पंचवटीत, फुलवाली बदलायची. दुपारपर्यंत त्या बाजारात बेल शोधत फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी मंगलाला हाक मारली. मंगलानं टोमणा मारला नाही. पुडी दिली, चिठ्ठीसकट.

मग सरिताबाईंनी मला फर्मावलं, तिचं सभासदत्व रद्द करा, पत्रावर सही तुमची. पत्र टाइप होऊन आलं. मी ते खणात टाकलं. या वेळी सही केली नाही, याचं मी स्वतःला काही बक्षीस देत नाही. आधीची केलेली होतीच.

मंगळवारी कुंदनची मंगळागौर होती. लग्नानंतरची पहिली, घरात वीस-पंचवीस बायका. मंगळागौरीला सोळा प्रकारची पत्री लागते. आघाडा, केना, माका, डोरली, आणखी काय काय, आणि नाशिकमध्ये ती सगळी सोळा एका जागी ओळखून आणणारी माणसं आता फार नाहीत. सरिताबाईंनी मंगलाला आषाढातच सांगून ठेवलं होतं आणि भांडणाच्या भरात दुसऱ्या कोणाला सांगायचं राहून गेलं. सकाळी सहाला त्यांचा मला फोन. आवाज खाली आलेला.

"ती आणेल का हो?"

"मला विचारू नका. मी तिच्याशी बोलायच्या लायकीची राहिलेली नाही."

तिनं आणली. सोळाच्या सोळा, वेगवेगळ्या जुड्या बांधून, वर ओलं फडकं. धंदा धंद्याच्या जागी. आणि जुड्यांच्या तळाशी चिठ्ठी. पत्री निवडायला बसली होती कुंदन.

दुपारी ती माझ्या घरी आली. नऊवारी नेसलेली, हातात हिरवा चुडा, पूजा उरकून तशीच. "काकू, पान चौदावरचं मत तिचं नाही म्हणजे काय? मला आईंनी सांगितलं, तुझं पुस्तक सगळ्यांना आवडलं."

"वहीत बघ."

"वही कुलपात आहे."

मग मी तिला सांगितलं. मला मंगलाचा मजकूर पाठ होता. सावलीनं पाटीवर पाय दिला इथपर्यंत ती ऐकत होती, 'मग ती वाचवते कोणाला' ला तिचे डोळे भरले. मला रडणाऱ्या लेखिकांचा कंटाळा आहे. म्हटलं, "रडायचं असेल तर घरी रड. बोलायचं असेल तर चल मखमलाबादला."

रिक्षानं गेलो. मंगला शेतात निशिगंध काढत होती. कुंदन बांधावर उभी राहिली, नऊवारीचा ओचा चिखलात.

"तुम्ही माझ्या तोंडावर का नाही सांगितलंत?" कुंदन म्हणाली. "पुड्यांमधून चिठ्ठ्या काय वाटता?"

"तोंडावरच लिहिलं व्हतं. वहीत. वही तुमच्या घरात हाय."

"मी ती पाहिली नाही."

"मग सासूबाईंवर चिडा. माझ्यावर कशाला?"

कुंदननं पिशवीतून पुस्तक काढलं. "पान चाळीस दाखवा. काय काय चुकलंय?"

"सगळंच." मंगलानं हात लुगड्याला पुसले आणि खरंच बांधावर बसली. "तुम्ही कधी आलाय पहाटे बाजारात?"

"नाही."

"मग कशाला लिहिलं? दुपारचं लिहायचं. दुपारी असता ना तुम्ही जाग्या."

मी हसले. कुंदनला ते आवडलं नाही. "सगळंच चुकलंय म्हणता, पण पान एकशे बारा वाचलंत का? ती आईचा स्टोव्ह पेटवायला बोटातली ज्योत वापरते, आणि आईचा पदर पेटतो. मग ती तीन दिवस हात पाण्याच्या बादलीत घालून बसते. ते मी सात वेळा लिहिलंय."

"आई मेलेली नाय का यात?"

"नाही. जिवंत आहे शेवटपर्यंत."

मंगलानं पुस्तक घेतलं. एकशे बारा काढलं. वाचायला लागली, ओठ हलवत. आम्ही दोघी उभ्या. हिरामण पाणी घेऊन आला आणि आम्हाला बघून तसाच परत गेला. तिनं पान उलटलं, पुन्हा मागं आली.

"हे पुस्तक ठेवू का इथं?" तिनं विचारलं. "पान चाळीसनंतर मी रागात वाचलं. पानं उलटलीत नुसती."

कुंदननं पुस्तक ठेवलं. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "काकू, त्या चिकटवा म्हणाल्या ना? चिकटवा. मी आईंशी बोलते."

ती बोलली की नाही ते मला माहीत नाही. वरच्या मजल्यावरून दोन दिवस मोठ्यानं आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी सरिताबाईंनी वही खाली पाठवली आणि सोबत निरोप, हे करायचं तर चिटणीसपद सोडून करा. मी सोडलं. त्यात त्याग बिग काही नाही. बाहत्तर वर्षांची होते, रोज दोन जिने उतरून जायचा कंटाळा आला होता.

मंगलाचं मत जसंच्या तसं छापून घेतलं, छोट्या पट्ट्यांवर, पाचशे. वाटलेल्या प्रती सभासदांमार्फत घरोघरून परत मागवल्या. तीनशे सत्तावीस आल्या, बाकीच्या रद्दीत गेल्या असणार. त्या माझ्या बैठकीत थप्प्या लावून ठेवल्या, खळ शिजवली आणि मंगलाला निरोप दिला की येऊन बघ.

ती दुपारी आली. पट्टी हातात घेऊन वाचली. मला वाटलं निदान 'बरं केलंत' म्हणेल.

"हे आता चालणार नाय," ती म्हणाली.

"काय? शब्द न् शब्द तुझाच आहे. वहीशी ताडून बघ."

"माझाच हाय. पण मी पुस्तक पुन्हा वाचलं. एकशे बारापासून पुढं ती पोरगी चांगली लिहिलीय. आईला सांगून जाते ती लढायला, आई नको म्हणते तरी. मला ते आवडलं. ते यात नाय."

"मंगला, पाचशे छापल्यात."

"मग छापलेलं राहू द्या. खाली हातानं लिहू. पान चाळीसचं मी मागं घेत नाय. फुलबाजार चुकलाय तो चुकलाच."

"अगं, मतं अशी बदलायला लागलीस तर मी कुठवर पट्ट्या लावू? आधी एक, मग दुसरं."

"माझं हाय ना?" ती म्हणाली. "मी बदलणार. तुम्ही नाय."

मी दोन पेनं काढली. तिनं एका कागदावर ओळ लिहून दिली: 'पान ११२ पासून पुढचे मात्र चांगले आहे. ते मी आधी नीट वाचले नव्हते.' मी ती लिहायला लागले. अकराव्या प्रतीला तिनं माझ्या हातातून पट्टी घेऊन बघितली.

"काकू, अक्षर तुमचं हाय. माझं पाहिजे."

तीनशे सत्तावीस. तीच लिहीत बसली. मी खळ लावून चिकटवत होते. मी लिहिलेल्या अकरा पट्ट्या तिनं बाजूला काढून फाडल्या.